सत्त्याहत्तर वर्षं लपवलेली भट्टी

माझा एक भाचा अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात नोकरीला आहे. तिथून दक्षिणेला काही तास गाडी हाकली की मेक्सिकोची सरहद्द लागते आणि पलीकडं सोनोरा नावाचं राज्य सुरू होतं. सुट्टीत तो तिकडं भटकायला गेला होता. तिथून त्यानं मला एक फोटो पाठवला. उघड्या माळावर खणलेला, दगडांनी बांधून काढलेला गोल खड्डा. काठावर भल्यामोठ्या अननसासारख्या दिसणाऱ्या गड्ड्यांचा ढीग. मागं निळसर-राखाडी, काटेरी पात्यांची झुडपं. खाली आमच्या घरच्या दखनीत त्यानं लिहिलं होतं, ‘मामू, ये तो अपने बांधपो का घायपात है ना?’

मी निरखून पाहिलं. होतं घायपातच.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, पंढरपूरच्या वाटेवरचं. तिथं शेताच्या बांधाला आणि ओढ्याच्या काठाला घायपात असायचंच. कुणी त्याला केकताड म्हणायचं. पाती कापून, कुजवून, ठेचून वाख काढायचा आणि मातंग समाजातले कारागीर त्या वाखाचे कासरे, दावी, चऱ्हाटं वळून द्यायचे. ही वनस्पती मुळात आपली नाही, मेक्सिकोची आहे. युरोपीय लोकांच्या जहाजांतून ती आपल्याकडं आली आणि अशी रुजली, की तिच्या एका जातीच्या धाग्याला जगाच्या बाजारात ‘बॉम्बे ॲलो’, म्हणजे मुंबईची कोरफड असं नाव पडलं. आपण तिचा दोर केला. तिच्या माहेरी मात्र लोक तिचा गड्डा भाजतात, आंबवतात आणि त्यातून दारू गाळतात. सोनोरातल्या त्या दारूचं नाव बकानोरा.

दारूचा थेंब न चाखलेल्या एका मुसलमान माणसानं रेडिओवर बसून दारू गाळण्याची कथा सांगावी, हे काही जणांना विचित्र वाटेल. पण ही कथा एका कायद्याची आणि काही हातांची आहे. आणि ती आमच्या घरापर्यंत कशी येते, तेही पुढं सांगणार आहे.

सोनोराचं वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. तिथं माणसाच्या कितीतरी पट उंच वाढणारे निवडुंग आहेत, आपल्या वेड्या बाभळीच्या जातकुळीतली मेस्किटची झाडं आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पूर्वेला सिएरा माद्रे डोंगररांगांचे पाय सुरू होतात. तिथल्या एका लहानशा गावाचं नाव बकानोरा. हे नाव ओपाता या आदिवासींच्या भाषेतलं; बोरूची बेटं असलेला उतार, असा त्याचा अर्थ सांगतात.

अशा उन्हात आगावे, म्हणजे त्यांचं घायपात, टिकतं कसं? त्याची रीत निराळी आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यातूनच पाणी गमावतात. हे झाड दिवसभर छिद्रं मिटून बसतं आणि रात्री गारव्यात उघडतं. दिवसा कमावलेली साखर ते आपल्या गड्ड्यात साठवत जातं. सहा, आठ, कधी त्याहून जास्त वर्षं. मग आयुष्यात एकदाच मधोमध एक दांडा उंच उभा राहतो, त्याला फुलं येतात आणि झाड मरतं. साठवलेलं सगळं त्या एका बहरात खर्च होतं.

ओपातांसारख्या लोकांना हे पूर्वापार माहीत होतं. दांडा वर येऊ लागला की तो छाटायचा, म्हणजे साखर गड्ड्यातच राहते. मग पाती उतरवून गड्डा काढायचा आणि जमिनीतल्या खड्ड्यात भाजायचा. भाजलेला गड्डा गोड लागतो. दुष्काळी मुलखात तो पोटाचा आधार होता. दारू पुष्कळ नंतरची. ‘मेस्कल’ हा शब्दच मुळी नाहुआत्ल भाषेतल्या ‘शिजवलेला आगावे’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे.

बकानोरा गाळायची पद्धत आजही बरीचशी तीच आहे. भट्टीच्या जागेला विनाता म्हणतात आणि गाळणाऱ्याला विनातेरो. खड्ड्यात मेस्किटचं लाकूड पेटवायचं. दगड लालबुंद झाले, ज्वाळा बसल्या, की गड्डे आत रचायचे, वरून पाती किंवा पत्रा घालून मातीनं लिंपून टाकायचं. दोन दिवस त्याकडं बघायचं नाही. गड्ड्यातली साखर लांब साखळ्यांच्या रूपात असते. ती तशीच आंबत नाही. उष्णतेनं साखळ्या तुटल्या की मग आंबते. खड्डा उघडला की पांढरे गड्डे काकवीच्या रंगाचे झालेले असतात. ते कुऱ्हाडीनं नाहीतर मोगरीनं ठेचायचे, थोडं पाणी घालून आंबत ठेवायचे. विरजण बाहेरून आणत नाहीत. हवेतलं, झाडाच्या अंगावरचं किण्व आपोआप कामाला लागतं. थंडीत जास्त दिवस, उन्हाळ्यात कमी. आपल्याकडं पोलीस ज्याला ‘रसायन’ म्हणतात ते तयार झालं, हे विनातेरो वासावरून आणि कान लावून, फसफस मंदावल्याच्या आवाजावरून ओळखतो.

मग गाळायचं, तेही दोनदा. पहिली धार वेगळी काढायची, कारण घातक अंश तिच्यात जास्त असतात. शेवटची पाणचट धारही बाजूला. मधली तेवढी ठेवायची. कडकपणा मोजायला यंत्र नसे. बाटली हलवून वर आलेले बुडबुडे केवढे आहेत आणि किती वेळ टिकतात, हे बघायचं. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं. बापाशेजारी उभं राहून मुलाला ते आपसूक यायचं.

गाळण्याची विद्या तिथं कुठून आली, यावर अभ्यासकांत वाद आहे. मनिलाहून मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याला अडीचशे वर्षं गलबतं येत होती. त्यांतून आलेल्या फिलिपिनो लोकांनी माडाची दारू गाळायची रीत आणली, असं काहींचं म्हणणं. दुसरी वाट स्पेनची. स्पॅनिश लोक गाळण्याच्या भांड्याला ‘अलांबिके’ म्हणतात. हा अरबी ‘अल-इन्बीक’. अरबांनी तो ग्रीकांकडून घेतला आणि स्पेनला दिला. ‘अल्कोहोल’ हा शब्दही अरबी ‘अल-कुहल’वरून आला. कुहल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. बारीक वाटलेली भुकटी, पुढं कोणत्याही पदार्थाचा अर्क, आणि शेवटी दारूचा अर्क, असा त्याचा अर्थ सरकत गेला. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं गाळण्यावर लिहिलं ते सुगंधी द्रव्यांसाठी. गुलाबाचा अर्क काढायचं भांडं आणि दारू गाळायचं भांडं ही सख्खी भावंडं आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा; त्याची गरज पडणार आहे.

आता कायद्याकडं वळू. १९१० साली मेक्सिकोत क्रांती सुरू झाली. १९१५ मध्ये सोनोराचा गव्हर्नर झाला प्लुतार्को एलियास काय्येस. हा एके काळचा शाळामास्तर. पुढं १९२४ ते १९२८ तो मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष होता. ८ ऑगस्ट १९१५ रोजी त्यानं हुकूम काढला : सोनोरात दारू आणायची नाही, करायची नाही, विकायची नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद.

काय्येसला खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. त्याचे स्वतःचे वडील दारूच्या आहारी गेलेले होते. दारू हा गरिबाच्या घराला लागलेला रोग आहे, तो गेल्याशिवाय शाळा आणि शेती सुधारणार नाही, असं मानणाऱ्या पिढीतला तो होता. आपल्याकडच्या कितीतरी सुधारकांचं मत हेच होतं.

हुकूम सगळ्यांना सारखा होता, पण लागला कुणाला? ज्याच्याकडं पैसा होता त्याला बाहेरची बाटली चोरून मिळत राहिली. डोंगरातल्या विनातेरोकडं दुसरा धंदा नव्हता. गुरं, थोडा मका आणि ही भट्टी, एवढाच त्याचा संसार. ‘अकोर्दादा’ नावाची घोडेस्वार ग्रामीण पोलीस फौज रानोमाळ हिंडून भट्ट्या शोधायची, भांडी फोडायची, माणसं धरून न्यायची. काहींना तिथल्या तिथं झाडाला टांगलं, असं सोनोरात आजही सांगतात.

तरीही बकानोरा संपली नाही. भट्ट्या उठल्या आणि दऱ्यांत, झऱ्याच्या आडोशाला गेल्या. विस्तव रात्री पेटू लागला, म्हणजे धूर दिसत नाही. तांब्याची भांडी गेली तर तेलाचं पिंप आलं, लाकडाचं झाकण आलं. काम झालं की सगळं सुटं करून लपवायचं. विकत घेणारा शेजारीच असायचा आणि शेजारी बोलत नसे. लग्न, बारसं, मयत यांत ती बाटली गुपचूप फिरायची. १९२० ते १९३३ या काळात सरहद्दीपलीकडं अमेरिकेतही दारूबंदी होती, तेव्हा मेक्सिकोतून चोरवाटांनी उत्तरेला दारू जात होती. एक पिढी गेली, दुसरी गेली. बंदी उठली ती १९९२ मध्ये. सत्त्याहत्तर वर्षं!

त्याच देशात, दक्षिणेला हालिस्को राज्यात काय चाललं होतं पाहा. तिथं दुसऱ्या जातीच्या आगावेची दारू गाळतात, तिचं नाव टकीला. तिथल्या कुएर्वो घराण्याला १७९५ मध्ये स्पेनच्या राजाकडून गाळण्याचा परवाना मिळाला. मोठ्या जमिनी, कारखाने, रेल्वे, निर्यात असं वाढत वाढत टकीला मेक्सिकोची ओळख बनली. टकीला हे नाव कुणी वापरावं, याचं कायदेशीर संरक्षण १९७४ मध्ये मिळालं. बकानोराला तसं संरक्षण २००० मध्ये मिळालं, सोनोराच्या पस्तीस तालुक्यांपुरतं. झाडं एकाच घराण्यातली. पण एकाच्या वाट्याला राजाची सनद आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला घोडेस्वार.

आता माझ्या घराची गोष्ट.

आम्ही अत्तार. माझे आजोबा बाजारच्या दिवशी आणि जत्रांत पाल टाकून कुंकू, बुक्का, अत्तर, सुरमा विकायचे. आषाढीला वारकऱ्यांच्या कपाळाला लागणारा बुक्का कितीतरी वेळा त्यांच्या तागडीतून गेलेला. गावंदरीच्या मळ्यात देशी गुलाब होता. हंगामात आजोबा घरीच गुलाबपाणी गाळायचे. तांब्याचा एक देग, झाकण मातीनं लिंपलेलं, त्यातून निघालेली बांबूची नळी आणि ती पाण्यात बसवलेल्या भपक्यात उतरलेली. नळीवर वाखाची दोरी घट्ट गुंडाळलेली, वाफ फुटून जाऊ नये म्हणून. तोच वाख, घायपाताचा. वडील हे सगळं हातवारे करून सांगायचे. मी ते पाहिलेलं नाही.

पाहिलेलं नाही, कारण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आमचा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी चहाडी केली आणि एक अंमलदार दोन शिपाई घेऊन दारात आला. देग, नळी, भपका, खाली चूल. त्याच्या दृष्टीनं ती हातभट्टीच होती. आजोबांनी गुलाबपाणी त्याच्या हातावर ओतलं. त्यानं वास घेतला, मान डोलावली आणि तरी देग नेला. ‘चौकशी झाली की मिळेल’ म्हणाला. आजोबा तीन-चार वेळा तालुक्याला खेटे घालून आले, मग जायचं सोडलं. खटला झाला नाही आणि देगही परत आला नाही.

पुढं आमच्या घरात अत्तर यायचं ते कनौजचं, बाहेरून विकत घेतलेलं. गुलाब किती उकळायचा, आच कधी काढायची, भपका कधी बदलायचा, हे आजोबांना माहीत होतं, वडिलांना ऐकून माहीत होतं आणि मला तेवढंही नाही. एका दुपारीत विद्या घराबाहेर गेली.

सोनोराबद्दल वाचायला लागल्यापासून मला हाच प्रश्न पडला. तिथं घोडेस्वार, कैद आणि फास असूनही ती कला सत्त्याहत्तर वर्षं टिकली. आमच्याकडं एक अंमलदार पुरला. असं का झालं असेल? मला सुचलेलं उत्तर असं. तिथं ती सबंध मुलखाची होती. एकाची भट्टी फुटली तर दुसऱ्याच्या भट्टीवर जाऊन मुलगा शिकत होता. आमच्या गावात गाळणारे आजोबा एकटेच. शेजार चांगला होता, पण ती विद्या शेजाऱ्यांची नव्हती. हातातली कला एका घरात राहिली तर ती एका घराइतकीच टिकाऊ असते.

पण लपून टिकण्याची किंमत सोनोरालाही मोजावी लागली. जे करणं गुन्हा, त्यासाठी झाड लावणार कोण? विनातेरो रानातले गड्डे काढत राहिले. मुद्दाम लागवड करायची म्हणजे आपणच पुरावा पेरायचा. बंदी उठली, नाव मिळालं, मागणी वाढली, आणि लक्षात आलं की रानातलं आगावे विरळ झालं आहे. आता लागवड सुरू आहे, पण कापणीला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. शिवाय दाखला, तपासणी, कर यांचा खर्च मोठ्या गुंतवणूकदाराला परवडतो, डोंगरातल्या म्हाताऱ्याला जड जातो. ज्याच्या बापानं घोडेस्वारांना चुकवून ही विद्या राखली, तोच कागद नाही म्हणून पुन्हा चोर ठरू शकतो.

आणखी एक वाटेकरी आहे. दांडा छाटला की फूल येत नाही. त्या फुलांतल्या मधावर लांब नाकाचं एक लहान वटवाघूळ जगतं. दक्षिण मेक्सिकोतून फुलांच्या मागोमाग ते सोनोरा आणि ॲरिझोनापर्यंत येतं आणि रात्री आगावेचं परागीकरण करतं. १९८८ मध्ये अमेरिकेनं त्याला संकटग्रस्त ठरवलं, तेव्हा ही वटवाघळं हजाराच्याही आत उरली असावीत असा अंदाज होता. जपणूक केल्यावर ती दोन लाखांच्या आसपास गेली आणि २०१८ मध्ये त्यांचं नाव त्या यादीतून निघालं. म्हणून आता जाणती माणसं सांगतात, सगळे दांडे छाटू नका, काही झाडं फुलू द्या.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, कवीमहाशय दारूची वकिली करतायत. तसं नाही. माझा एक जिवलग दोस्त, माझ्यापेक्षा चांगली कविता लिहिणारा, पन्नाशीच्या आत दारूनं गेला. त्याची पोरं मी पाहिली आहेत. गावोगावच्या बायांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली, तेव्हा मी त्यांच्याच बाजूनं उभा होतो आणि आजही आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. ती दारू कुठल्या परंपरेची नव्हती. त्यात मिथेनॉल होतं आणि त्यामागं नफा होता.

पण बायांनी केलेली बंदी आणि काय्येसची बंदी यांत मला फरक दिसतो. गावातली बाई कुणाचं दुकान बंद करायचं ते जाणते. तिला माणूस दिसतो. वरून आलेल्या हुकुमाला भांडं दिसतं. ब्रिटिशांनी १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठी कायदा केला आणि ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींना आपल्याच रानातलं फूल गोळा करणं अवघड झालं. ते फूल त्यांचं अन्नही होतं, हे कायद्याला दिसलं नाही. उलट उदाहरणही आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिथं भाटीवरचा माणूस निदान कारागीर म्हणून मोजला गेला. दारू वाईट म्हणताना ती गाळणाऱ्या प्रत्येक हाताला गुन्हेगार म्हणायची गरज नसते, आणि कलेचं कौतुक करताना दारूनं मेलेल्यांना विसरायची गरज नसते. दोन्ही गोष्टी एका मनात ठेवणं जड जातं, पण इतिहास वाचायचा तर ठेवाव्या लागतात.

अंमलदारानं देग नेला, पण भपका मागं राहिला होता. तो रिकामा दिसला, म्हणून शिपायानं उचलला नाही. माझ्या आईनं कित्येक वर्षं त्यात बियाण्याची ज्वारी ठेवली. आता तो माझ्याकडं आहे. फिनिक्सच्या भाच्याला मी त्याचा फोटो पाठवला आणि ही सगळी हकिकत लिहिली. त्याला ती माहीतच नव्हती. सांगणार कोण होतं?

आणि त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही लिहिलं, ‘हौ बेटा, वोच घायपात. पर है तो उनकाच, अपन मांगके लाए.’